मीठ पोटात जातं तरी कुठून? (भागाचा लिखित मजकूर)

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलतानाचे "अं… म्हणजे…" काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

 

मागच्या काही आठवड्यांत तुमचे जे मेसेज आले, त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा दिसला. शब्द वेगळे, पण मुद्दा एकच. "बाबांना बीपी निघालंय, डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा. म्हणजे नक्की काय करायचं?" एकीने तर लिहिलंय, "आई आता दोन भाज्या करते. एक बाबांची अळणी, एक आमची. बाबा स्वतःची खाऊन झाल्यावर आमच्यातली थोडी घेतात." हे वाचून हसू आलं, आणि मग वाटलं की यावर एक अख्खा भाग करायला हवा.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक करून सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस आहे. पण "कमी करा" असं कुणी म्हटलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो: आत्ता किती आहे, आणि येतंय कुठून? सर्व्हरवर लोड वाढला तर आम्ही कुठलंही बटण दाबण्याआधी लॉग बघतो. मिठाचं तसं कुणी करत नाही. डॉक्टर सांगतात "कमी करा", आपण घरी येऊन टेबलावरची मिठाची डबी उचलून ठेवतो, आणि झालं. ती डबी मुळात किती मीठ देत होती, हे कुणी मोजलेलं नसतं.

तर आज मोजायचं.

सुरुवात रसायनापासून, अगदी दोन मिनिटं. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. वजनाने त्यात साधारण ४० टक्के सोडियम आणि उरलेलं क्लोराइड. रक्तदाबाच्या हिशोबात आपल्याला सोडियमची काळजी असते. म्हणून १ ग्रॅम सोडियम म्हणजे साधारण अडीच ग्रॅम मीठ. हा अडीचचा गुणाकार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम. चहाचा एक सपाट चमचा मीठ, त्याहून थोडं कमीच. आणि हे पूर्ण दिवसाचं, सगळ्या मार्गांनी येणारं. जगाची सरासरी याच संघटनेच्या हिशोबाने १०.८ ग्रॅम आहे. दुपटीहून जास्त.

आणि भारत? २०१७-१८ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत सरासरी ८ ग्रॅम निघाली. पुरुष ८.९, बायका ७.१. पुरुष जास्त खातात याचं कारण फार गूढ नाही, ते एकूण जेवणच जास्त जेवतात.

हे मोजतात कसं, तेही सांगतो, कारण मला स्वतःला त्यात फार मजा वाटली. "तुम्ही किती मीठ खाता?" असं विचारून काही उपयोग नसतो. कुणालाच माहीत नसतं. भाजीत चिमूटभर टाकलं की मूठभर, हे टाकणाऱ्या हाताला माहीत. पण शरीर प्रामाणिक आहे. खाल्लेल्या सोडियमपैकी जवळपास ९० टक्के लघवीवाटे बाहेर पडतं. त्यामुळे २४ तासांची लघवी गोळा करायची आणि त्यातलं सोडियम मोजायचं, ही सगळ्यात भरवशाची पद्धत. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते हेच असावं. पण पूर्ण दिवस बाटली घेऊन फिरायला कोण तयार होणार? म्हणून मोठ्या पाहण्यांमध्ये बरेचदा एकाच वेळचा नमुना घेऊन त्यावरून दिवसाचा अंदाज बांधतात. हा फरक लक्षात असू द्या, पुढे एका भांडणात तो महत्त्वाचा आहे.

घरी मोजायची एक सोपी युक्ती आहे, बाटलीशिवाय. मिठाचा नवा पुडा फोडला की त्यावर पेनाने तारीख लिहायची. संपला की दिवस मोजायचे. आमच्या घरी आम्ही चौघं. किलोचा पुडा ३३ दिवस पुरला. १००० भागिले ४, भागिले ३३. माणशी दिवसाला साधारण ७.६ ग्रॅम. आता यात खोट आहे हे मान्य. द्राक्षं मिठाच्या पाण्यात धुतली, बटाटे मीठ घालून उकडले आणि पाणी ओतून दिलं, पाहुणे आले, लोणचं घातलं, हे सगळं त्यात मिसळतं. आणि बाहेरचं खाणं त्यात नाही. पण अंदाज म्हणून उत्तम. चौघांच्या घरात माणशी ५ ग्रॅम हवं असेल तर किलोचा पुडा ५० दिवस पुरायला हवा. बहुतेक घरांत तो किराण्याच्या यादीत दर महिन्याला असतो. तुमच्या घरचा आकडा काढून मला कळवा, खरंच.

आता मीठ वाढलं की बीपी का वाढतं? शरीराला रक्तातल्या सोडियमचं प्रमाण ठरावीक ठेवायचं असतं. मीठ जास्त आलं की ते पातळ करायला पाणी धरून ठेवलं जातं. खारे शेंगदाणे खाल्ल्यावर तहान लागते ती यामुळेच. पाणी वाढलं की रक्तवाहिन्यांमधलं द्रव्य वाढतं, दाब वाढतो. जादा सोडियम बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं. काहींची मूत्रपिंडं ते झटपट करतात, काहींची रेंगाळतात. वय वाढलं की रेंगाळणं वाढतं. वर्षानुवर्षं असंच चाललं की रक्तवाहिन्यांच्या भिंती कडक होत जातात. ब्राझीलमधल्या यानोमामी लोकांच्या आहारात मीठ जवळपास नसतंच, आणि त्यांचं बीपी वयाबरोबर वाढत नाही, हे १९८८ साली ३२ देशांत झालेल्या इंटरसॉल्ट नावाच्या अभ्यासात दिसलं होतं. म्हणजे "वय झालं की बीपी वाढायचंच" हे आपण गृहीत धरतो, ते सगळीकडे खरं नाही.

येतं कुठून?

इथे खरी गंमत आहे. मिठावरचं इंटरनेटवरचं बरचसं लिखाण अमेरिकेतून किंवा इंग्लंडमधून येतं. "पॅकबंद खाणं टाळा, कॅनमधलं सूप टाळा, लेबल वाचा." त्यांच्यासाठी हे बरोबरच आहे. २०१७ साली अमेरिकेत ४५० लोकांवर झालेल्या एका अभ्यासात सोडियमचा ७१ टक्के वाटा घराबाहेर तयार झालेल्या खाण्यातून आला होता. कारखान्यातलं आणि हॉटेलातलं. घरच्या स्वयंपाकातून ५ ते ६ टक्के, जेवताना वरून घेतलेलं आणखी ५ टक्के. उरलेलं दूध, भाज्या, मांस यांत निसर्गतः असतं तेवढं.

भारतात हे चित्र उलटं आहे. दिल्ली-हरियाणा आणि आंध्र प्रदेश इथे झालेल्या अभ्यासांत ८० टक्क्यांहून जास्त मीठ घरच्या स्वयंपाकात घातलेलं निघालं. कारखाना नाही, कढई. त्यामुळे तो इंग्रजी सल्ला जसाच्या तसा उचलला तर आपण २० टक्क्यांच्या मागे लागतो आणि ८० टक्के तसेच राहतात.

मराठी घरापुरतं बोलायचं तर मला वाटतं तीन कप्पे करावेत.

पहिला, रोजचा. कणकेतलं मीठ, आमटी, भाजी, भातात घालत असाल तर ते. यातल्या कुठल्याच गोष्टीला आपण "खारट" म्हणत नाही, पण रोज दोनदा आणि पोटभर खातो. भाकरीत बऱ्याच घरांत मीठ नसतंच, आणि ती कुणाला अळणी लागत नाही, कारण सोबतच्या पिठल्यात किंवा ठेच्यात ते भरपूर असतं. मग चपातीत का हवं? हा प्रश्न मी घरी विचारला. उत्तर मिळालं, "पहिल्यापासून घालतो." इतकं प्रामाणिक उत्तर आमच्या ऑफिसातसुद्धा मिळतं, जुन्या कोडबद्दल विचारलं की.

दुसरा कप्पा पानातल्या डाव्या बाजूचा. पान वाढायला सुरुवातच मिठाने होते आपल्याकडे. मग लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. शिवाय पापड, कुरडया, सांडगी मिरची, ताकात मीठ. कोकणात आगळ, खारवलेला मासा, सुकट. हे सगळं बघितलं तर यातलं बरंचसं मीठ मुळात चवीसाठी नव्हतंच. ते टिकवण्यासाठी होतं. पावसाळ्याची बेगमी. पावसाळ्यात मासेमारी बंद, भाजी महाग, घरात जे आहे ते टिकलं पाहिजे. जपानच्या उत्तरेकडच्या भागात नेमकी हीच गोष्ट बर्फामुळे झाली. लांब हिवाळा, मिठात मुरवलेल्या भाज्या, मिसोचं सूप. १९५० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या लोकांचं मीठ दिवसाला २५ ग्रॅमच्या वर मोजलं गेलं होतं, आणि पक्षाघाताचं प्रमाण प्रचंड होतं. पुढे तिथे लोकांना समजावलं गेलं, आहार बदलला, घरोघरी फ्रिज आले, मीठ उतरलं. आपल्याकडेही फ्रिज आला. बेगमीची गरज गेली. चव मात्र जिभेवर राहिली.

मी लोणच्याच्या विरोधात नाही, हे नोंदवून ठेवा. माझ्या आजीचं लिंबाचं लोणचं कुणी बंद करायला सांगितलं तर मी त्या माणसाशी बोलणार नाही. पण एक फोड आणि तीन फोडी यांत फरक आहे.

तिसरा कप्पा बाहेरचा. तो अजून लहान आहे, पण शहरात झपाट्याने वाढतोय. फरसाण, वेफर, इन्स्टंट नूडल्स हे सगळ्यांना माहीत आहे. न दिसणारं मीठ पावात असतं. पावाला कुणी खारट म्हणत नाही, पण ब्रेडमध्ये साधारण १०० ग्रॅमला १ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. आता वडापाव डोळ्यासमोर आणा. पावात मीठ, वड्याच्या भाजीत मीठ, बेसनाच्या आवरणात मीठ, सुक्या चटणीत मीठ, आणि वर मीठ चोळलेली तळलेली मिरची. एका पदार्थात पाच वेळा! मिसळीचं तर विचारूच नका, कट आणि फरसाण दोन्ही आहेत. गोड बिस्किटांतही मीठ असतं. शिवाय सोडियम मिठाशिवायही येतं. खायच्या सोड्यात २७ टक्के सोडियम असतं. ढोकळा, खमण, बेकरीचे पदार्थ. पापडखारही सोडियमचाच.

पुड्यावरचं लेबल वाचायचं असेल तर आपल्याकडे त्यावर "मीठ" लिहिलेलं नसतं, "सोडियम" मिलीग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. मघाचा अडीचचा गुणाकार इथे लागतो. १०० ग्रॅमला ८०० मिलीग्रॅम सोडियम, म्हणजे २ ग्रॅम मीठ. दिवसाच्या कोट्यातला बराच मोठा घास.

सर्व्हरवर बदलायचं की प्रत्येकाच्या फोनवर?

आता अख्ख्या देशाचं मीठ कसं कमी करतात ते बघू. मला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण हा आमच्या धंद्यातलाच प्रश्न आहे.

समजा अ‍ॅपमध्ये बग आहे. तो सर्व्हरवर असेल तर आम्ही रात्री दुरुस्ती चढवतो, सकाळी सगळ्यांसाठी ठीक. कुणाला कळतही नाही. पण बग लोकांच्या फोनमधल्या भागात असेल तर प्रत्येकाने अपडेट करेपर्यंत वाट बघायची. आणि लोक अपडेट करत नाहीत.

इंग्लंडचं मीठ सर्व्हरवर होतं. तिथे आहारातल्या मिठाचा सगळ्यात मोठा एकच स्रोत होता ब्रेड. ग्रॅहम मॅकग्रेगर नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून या विषयाचा पिच्छा पुरवला. मग सरकारच्या अन्न मानक संस्थेने २००६ साली ८० हून जास्त प्रकारच्या पदार्थांसाठी मिठाची उद्दिष्टं ठरवून दिली. सक्ती नव्हती, पण कोण पाळतंय यावर नजर होती. युक्ती अशी, की एकदम कमी करायचंच नाही. एका वेळी १०-२० टक्के कमी केलं तर जिभेला पत्ता लागत नाही. जीभ सरावली की पुढचा टप्पा. १० वर्षांत ब्रेडमधलं मीठ २० टक्क्यांनी उतरलं. लोकांचं सरासरी मीठ २००१ च्या सुमाराला ९.५ ग्रॅम होतं, ते २०११ मध्ये ८.१ वर आलं. कुणी मोर्चा काढला नाही की आमचा ब्रेड अळणी झाला. बहुतेकांना कळलंच नाही. पुढे २०११ नंतर ही जबाबदारी उद्योगांच्या स्वखुशीवर जास्त सोडली गेली आणि वेग मंदावला. दुरुस्ती चढवली पण देखरेख बंद केली, की असंच होतं.

दक्षिण आफ्रिकेने सरळ कायदा केला. २०१६ पासून ब्रेडसकट अनेक पदार्थांतल्या सोडियमला कमाल मर्यादा. फिनलंडने १९९३ पासून जास्त मिठाच्या पदार्थांवर तसं छापणं बंधनकारक केलं. चिलीने २०१६ पासून पुड्यांवर काळे अष्टकोन आणले. अर्जेंटिनात ब्वेनोस आइरेस प्रांताने हॉटेलांतल्या टेबलांवरच्या मिठाच्या डब्या उचलायला लावल्या, मागितलं तरच द्यायचं. आपल्या पंगतीत पहिलं वाढलं जातं तेच.

पण यातलं बहुतेक सगळं कारखान्यातल्या मिठावरचं औषध आहे. आपलं मीठ करोडो स्वयंपाकघरांत, करोडो हातांत आहे. तिथे टप्प्याटप्प्याने १० टक्के कमी कोण करणार? प्रत्येक घरी जाऊन कुणी सांगायचं? आणि सांगून होतं का?

चीनमध्ये हे प्रत्यक्ष करून पाहिलंय. तिथेही गावांमध्ये बहुतेक मीठ घरच्या स्वयंपाकातलं, आपल्यासारखंच. वृद्धाश्रमांसारख्या ४८ संस्थांमध्ये एक अभ्यास झाला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही ठिकाणी स्वयंपाकघराला मिळणारं मीठ हळूहळू कमी केलं. काही ठिकाणी मीठच बदललं: सोडियमचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं. दोन वर्षांनी निकाल काय? पुरवठा कमी केलेल्या ठिकाणी बीपीत फरक दिसला नाही. मीठ बदललेल्या ठिकाणी वरचं बीपी सरासरी ७ अंकांनी खाली. संस्थेच्या शिस्तीतसुद्धा "कमी घाला" चाललं नाही, तर आपल्या घरात काय चालणार?

याच्या आधीचा, याहून मोठा अभ्यास २०२१ चा. चीनमधली ६०० गावं, जवळपास २१ हजार माणसं. सगळी एकतर पक्षाघात होऊन गेलेली, किंवा साठीच्या पुढची आणि बीपी असलेली. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ, निम्म्यांना ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेलं. सुमारे ५ वर्षं. बाकी काही नाही. नवीन गोळी नाही, व्यायाम नाही, भाषण नाही. दर हजार माणसांमागे वर्षाला जिथे साधारण ३४ पक्षाघात होत होते, तिथे २९ झाले. १४ टक्के कमी. मृत्यू १२ टक्के कमी. मला हा आकडा पहिल्यांदा वाचल्यावर दोनदा वाचावा लागला, कारण बदल फक्त पुड्यातला होता. हात तोच, चमचा तोच, भाजी तीच.

आमच्या भाषेत, लोकांचे फोन अपडेट होत नसतील तर ते सगळे जी एक लायब्ररी वापरतात ती बदला.

भारतातही लहान प्रमाणात करून झालंय. तेलंगणातल्या सिद्दीपेट भागातल्या गावांत ५०० च्या आसपास बीपी असलेल्या लोकांना तीन महिने असं मीठ दिलं, ३० टक्के पोटॅशियमवालं. वरचं बीपी सरासरी साडेचार अंकांनी उतरलं. २०२५ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा मिठाची शिफारस केली, पण काही अटींसह.

मग आपण हे सरसकट का करत नाही? एक कारण पैसा. आपल्याकडे कमी सोडियमचं मीठ साध्या मिठापेक्षा बरंच महाग मिळतं, आणि मीठ हा पदार्थ असा की तो गरिबाच्या घरीही तेवढाच लागतो. याच देशात मिठावरच्या करासाठी १९३० मध्ये दांडीला आणि आपल्या शिरोड्याला सत्याग्रह झालाय. पोटॅशियम क्लोराइड आपण बहुतांशी आयात करतो, तेही मुख्यतः खतासाठी. पण हेही खरं, की देशातलं बहुतेक मीठ गुजरातेतून येतं आणि ठरावीक कारखान्यांतून पुड्यात भरलं जातं. आयोडीन आपण याच वाटेने घराघरांत पोचवलंच की. वाट तयार आहे, पैशाचा प्रश्न सोडवायचाय.

एक भांडण

शास्त्रज्ञांचं यावर एकमत नाही, तेही सांगायला हवं. २०१४ साली प्युअर नावाच्या अभ्यासाने १७ देशांतल्या एक लाखाहून जास्त लोकांची आकडेवारी मांडली. त्यात सगळ्यात कमी धोका दिसला तो दिवसाला ३ ते ६ ग्रॅम सोडियमवाल्यांना, म्हणजे साडेसात ते १५ ग्रॅम मीठ! त्यापेक्षा कमी खाणाऱ्यांतही धोका वाढलेला दिसला. तसं असेल तर आपले ८ ग्रॅम ठीकच की.

मघाशी म्हटलं ना, मोजायची पद्धत लक्षात ठेवा. या अभ्यासात सकाळच्या एका नमुन्यावरून पूर्ण दिवसाचा अंदाज बांधला होता. टीकाकारांचा मोठा आक्षेप हाच. दुसरा असा, की आधीच आजारी असलेली माणसं कमी जेवतात, म्हणून कमी मीठ खातात. मग मीठ कमी म्हणून आजारी, की आजारी म्हणून मीठ कमी? माझं मत विचाराल तर मी नुसत्या निरीक्षणापेक्षा चिठ्ठ्या टाकून गावं वाटलेल्या त्या ६०० गावांच्या प्रयोगावर जास्त विश्वास ठेवीन. पण ३ ग्रॅमवर यायच्या हट्टाला लागू नका. ८ वरून ६ वर येणं हेच बहुतेकांसाठी मोठं काम आहे.

तुमचे प्रश्न

आता पटापट.

"सैंधव चालेल का?" शेंदेलोण, गुलाबी मीठ, पादेलोण, सगळ्यांत मुख्य भाग सोडियम क्लोराइडच. रंग खनिजांच्या अंशाचा. उपवासाला खा, चवीला खा, पण बीपीसाठी तो पर्याय नाही. शिवाय त्यात आयोडीन घातलेलं असेलच असं नाही.

"मीठ कमी केलं तर आयोडीन कमी पडेल का?" आयोडीनयुक्त मीठ वापरत राहा, फक्त कमी. मीठ उतरलं तर त्यातलं आयोडीनचं प्रमाण वाढवता येतं, ते सरकारने बघायचं काम आहे.

"आई दोन भाज्या करते, त्याचं काय?" हा सुरुवातीचा प्रश्न. माझं स्पष्ट मत, दोन भाज्या बंद करा. एक तर त्यात आईचं काम दुप्पट होतं. दुसरं, बाबांना रोज वाटतं की आपल्याला शिक्षा आहे. घरातल्या सगळ्यांचंच थोडं उतरवा. जीभ काही आठवड्यांत सरावते. आम्ही कणकेतलं मीठ बंद केलं, आणि मिठाच्या बरणीत हाताऐवजी एक छोटा चमचा ठेवला. पहिल्या आठवड्यात भावाने भाजीला नावं ठेवली, तर आईने त्याला सांगितलं की उद्यापासून तू कर. विषय संपला. पुढचा पुडा ४१ दिवस गेला, म्हणजे माणशी ६.१ ग्रॅम. आणि हो, भाजी उतरवताना लिंबू पिळलं, आमसूल घातलं, लसूण जास्त घातला तर मिठाची उणीव कमी जाणवते. आंबट आणि तिखट मदतीला येतात. आपल्याकडे दोन्ही भरपूर आहे.

"मी शेतात काम करतो, घाम खूप जातो, मला जास्त मीठ नको का?" घामातून मीठ जातं हे खरं. भर उन्हात दिवसभर राबणाऱ्याचा हिशोब एसीत बसणाऱ्या माझ्यासारख्याच्या हिशोबापेक्षा वेगळा. उलट्या-जुलाब होत असतील तेव्हा मीठ-साखरेचं पाणी द्यायचंच, तिथे हे काही लागू नाही. पण बीपी असेल तर स्वतः ठरवू नका, डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगून विचारा.

आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा. "ते पोटॅशियमवालं मीठ उद्याच आणू का?" घरात कुणाला मूत्रपिंडाचा त्रास असेल तर नाही. मूत्रपिंड नीट चालत नसेल तर पोटॅशियम शरीरात साठतं, आणि ते वाढलं की हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. बीपीच्या आणि हृदयाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं. मधुमेह जुना असेल तर मूत्रपिंडाची तपासणी आधी. लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठीही त्या शिफारशीत हे मीठ धरलेलं नाही. मघाच्या ६०० गावांच्या प्रयोगातही मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना बाजूला ठेवलं होतं. म्हणून क्रम असा: गोळ्यांची चिठ्ठी घ्या, डॉक्टरांना किंवा निदान ओळखीच्या औषधवाल्याला दाखवा, रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघून घ्या, आणि मगच पुडा बदला. मीठ एकाच बरणीतून घरातल्या सगळ्यांच्या पानात जातं, त्यामुळे चौकशीही घरातल्या सगळ्यांची करा, फक्त बाबांची नाही.

पुड्यावर तारीख लिहा आणि दिवस कळवा. भेटू पुढच्या भागात.